‘कॉन्फ्लिक्ट’चा ‘संघर्ष’ करताना

अनुवादाच्या कामात ज्या शब्दाने मला सर्वांत जास्त वेळ अडवून ठेवले, तो मुळीच अवघड शब्द नाही. ‘कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रात रोज भेटतो आणि आपण त्याचा ‘संघर्ष’ करून पुढच्या ओळीकडे वळतो. मीही अनेक वर्षे तसेच करत आले. मग एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा मजकूर मराठीत करताना ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ आणि ‘आर्म्ड स्ट्रगल’ हे दोन शब्दप्रयोग लागोपाठच्या परिच्छेदांत आले, आणि दोन्ही ठिकाणी माझ्या हातून ‘सशस्त्र संघर्ष’ असेच लिहिले गेले. पुस्तिका छापून आल्यावर एका वाचकाने विचारले, की पहिल्या परिच्छेदात कायदा ज्याला मर्यादा घालतो आणि दुसऱ्या परिच्छेदात एक संघटना ज्याचा अभिमान बाळगते, ती एकच गोष्ट आहे काय? ती एकच नव्हती. आजचे माझे बोलणे त्या चुकीतून निघालेले आहे.

दोन्ही शब्दांची मुळे आधी पाहू. ‘कॉन्फ्लिक्ट’ लॅटिनमधून आला. त्यातील ‘फ्लिगेरे’ या धातूचा अर्थ आघात करणे असा आहे. त्याच धातूपासून ‘अफ्लिक्ट’ आणि ‘इन्फ्लिक्ट’ ही क्रियापदे झाली, आणि त्या दोन्हींत आघात करणारे एकीकडे आणि तो सोसणारे दुसरीकडे असतात. ‘कॉन्फ्लिक्ट’ला जोडलेला ‘कॉन’ हा उपसर्ग, म्हणजे ‘एकत्र’, ही विभागणी पुसून टाकतो. येथे दोन्ही बाजू एकमेकींवर आदळतात. आपल्या ‘संघर्षा’च्या मुळाशी ‘घृष्’ हा धातू आहे, ज्यापासून ‘घर्षण’ हा शब्दही आला. तिकडे आदळणे आणि इकडे घासणे, एवढाच काय तो फरक. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखेच दुपदरी आहेत.

मराठीने मात्र ‘संघर्षा’ला वेगळ्या वाटेने नेले. ‘तिने आयुष्यभर संघर्ष केला’ हे वाक्य आपल्याला पूर्ण वाटते. कोणाशी केला, हे सांगण्याची गरज भासत नाही, आणि वाक्य संपेपर्यंत ‘ती’विषयी आदर निर्माण झालेला असतो. ‘संघर्ष समिती’, ‘संघर्ष यात्रा’, ‘संघर्षमय जीवन’ या सर्वांत एक कर्ता आहे, त्याच्यासमोर अन्याय किंवा प्रतिकूल परिस्थिती आहे, आणि बोलणारा त्या कर्त्याच्या बाजूने उभा आहे. इंग्रजीत हे काम ‘स्ट्रगल’ करतो. ‘कॉन्फ्लिक्ट’ एकट्याने करता येत नाही. त्याला ‘अमुक आणि तमुक यांच्यातील’ अशी जोडी लागते, आणि जोडीतील कोणाचे बरोबर आहे याविषयी तो शब्द काहीही बोलत नाही. मराठी व्याकरणातून उपमा द्यायची, तर द्वंद्व समासात दोन्ही पदे जशी सारखीच प्रधान असतात, तशा ‘कॉन्फ्लिक्ट’मध्ये दोन्ही बाजू समान पातळीवर ठेवलेल्या असतात.

हे समान पातळीवर ठेवणे कायद्याला किती उपयोगी पडले, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. १९२८ च्या पॅरिस कराराने राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग करण्याची हमी अनेक देशांनी दिली, आणि त्यानंतर ‘युद्ध’ हा शब्द उच्चारणेच राज्यकर्त्यांना अडचणीचे झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा त्याला अधिकृतपणे ‘घटना’ म्हटले गेले, आणि दोन्ही देशांनी १९४१ च्या डिसेंबरपर्यंत युद्धाची रीतसर घोषणा केली नाही. घोषणा नाही म्हणजे युद्ध नाही, आणि युद्ध नाही म्हणजे युद्धाचे नियमही लागू नाहीत, अशी पळवाट काढणे त्यामुळे शक्य होते. युद्धातील जखमी, कैदी आणि नागरिक यांच्या संरक्षणासाठी १२ ऑगस्ट १९४९ रोजी झालेल्या चार जिनीव्हा करारांनी ती बंद केली. या करारांचे दुसरे कलम चारही करारांत समान आहे, आणि त्यानुसार घोषित युद्धाबरोबरच इतर कोणत्याही ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’लाही करार लागू होतात, मग एका पक्षाने युद्धाची स्थिती मान्य केलेली नसली तरी. शासनाने कोणता शब्द वापरला याऐवजी जमिनीवर काय घडते आहे हे पाहायचे, असा तो बदल होता.

शब्द बदलला म्हणून राज्यकर्त्यांची सवय लगेच बदलली नाही. १९५० मध्ये कोरियात अमेरिकन सैन्य उतरत असताना अध्यक्ष ट्रूमन यांनी ‘पोलीस कारवाई’ हे वर्णन मान्य केले. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये इजिप्तमधील सुएझ कालव्याच्या प्रश्नावर ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी संसदेत सांगितले, की आपण सशस्त्र ‘कॉन्फ्लिक्ट’मध्ये आहोत, पण युद्धाची घोषणा झालेली नाही. जो शब्द पळवाट बंद करण्यासाठी आणला होता, तोच सात वर्षांत सौम्य आवरण म्हणून वापरला गेला. आपल्याकडे १९९९ च्या लढाईला इंग्रजीत अनेकदा ‘कारगिल कॉन्फ्लिक्ट’ म्हटले जाते, पण ज्या घरांतील मुले तेथे लढली, त्या घरांत मराठीत ‘कारगिलचे युद्ध’च म्हणतात, आणि ते मला योग्य वाटते.

जिनीव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाकडे अनुवादकांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. हे कलम देशांतर्गत सशस्त्र ‘कॉन्फ्लिक्ट’विषयी आहे. जखमींची, शरण आलेल्यांची आणि लढाईत भाग न घेणाऱ्यांची विटंबना करू नये, त्यांना माणुसकीने वागवावे, असे ते दोन्ही पक्षांना बजावते, आणि शेवटी सांगते, की या तरतुदी लागू झाल्याने पक्षांच्या कायदेशीर दर्जावर काहीही परिणाम होणार नाही. शासनाला भीती असते, की नियम मान्य केले तर बंडखोरांना मान्यता मिळेल; हे वाक्य ती भीती दूर करण्यासाठी आहे. म्हणजे येथे ‘कॉन्फ्लिक्ट’ कोणाला मोठेपणाही देत नाही आणि गुन्हेगारही ठरवत नाही. याच जागी आपण ‘सशस्त्र संघर्ष’ लिहिले, तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या किंवा गोव्याच्या मुक्तीच्या आठवणी मनात असलेला मराठी वाचक त्यात लढ्याचा गौरव वाचतो. कायद्याने जाणीवपूर्वक टाळलेली गोष्ट अनुवादाने परत आत आणलेली असते.

कायद्याला उपयोगी पडणारी ही तटस्थता दुसऱ्या ठिकाणी अन्याय करते, आणि त्याविषयी मला तीव्रतेने वाटते. वस्तीवर एका जमावाने हल्ला करावा, घरे जाळावीत, आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘दोन गटांत संघर्ष’ असे छापून यावे, हे आपण वाचत आलो आहोत. येथे ‘कॉन्फ्लिक्ट’चा समान पातळीवर ठेवणारा अर्थ शांतपणे आत येतो, आणि मार खाणारेही मारणाऱ्यांइतकेच जबाबदार दिसू लागतात. आपल्या कायद्यांनी हे ओळखलेले आहे. अनुसूचित जाती आणि जमातींसाठीच्या १९८९ च्या कायद्यात ‘अत्याचार’ हा शब्द आहे, आणि महिलांच्या संरक्षणासाठी २००५ साली झालेल्या कायद्यात ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द आहे, तरीही बातमीत ‘कौटुंबिक वादातून पत्नीला मारहाण’ असे लिहिले जाते. वाद दोघांत होतो. मारहाण एकाने केलेली असते. ज्या प्रसंगात आघात करणारा आणि सोसणारा वेगळे आहेत, तेथे ‘कॉन्फ्लिक्ट’ही नको आणि ‘संघर्ष’ही नको.

याउलट काही ठिकाणी या शब्दात वैराचा अंशही नसतो. दोन संगणक अभियंत्यांनी एकाच फाइलमधील एकच ओळ वेगवेगळी बदलली, की प्रणाली ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ दाखवते. पुण्याच्या कार्यालयांत ‘कॉन्फ्लिक्ट आलाय, सोडव’ असे सहज म्हटले जाते, आणि त्या दोघांत भांडण झाले असे कोणी समजत नाही. दोन परीक्षा एका दिवशी आल्या, तर मराठीत तारखा एकमेकींवर येतात. ‘कॉन्फ्लिक्टिंग’ बातम्या परस्परविरोधी असतात. हे सर्व आपली भाषा विनासायास पेलते. अडते ते ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’पाशी. भारतीय क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या २०१६ च्या अहवालानंतर क्रिकेटच्या बातम्यांतून ‘परस्पर हितसंबंध’ हा पर्याय रूढ झाला, आणि त्यात मूळ अर्थच हरवला. परस्पर हितसंबंध म्हणजे एकमेकांच्या हिताची सांगड, जी चांगलीही असू शकते. येथे आक्षेप वेगळा आहे: एकाच व्यक्तीच्या पदाचे कर्तव्य आणि तिचा खाजगी लाभ एकमेकांना छेद देतात. ‘हितविरोध’ हा लहानसा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

‘मानव-वन्यजीव संघर्ष’ हा शब्दप्रयोग जुन्नर परिसरातील बिबट्यांमुळे आपल्या ओळखीचा झाला आहे. बिबट्या उसात राहतो, पिल्ले वाढवतो, कुत्री आणि शेळ्या पकडतो. माणसाविरुद्ध त्याची काही भूमिका नसते. ज्या घरातील मूल त्या हल्ल्यात गेले, त्या घराचे दुःख कोणत्याही शब्दाने कमी होत नाही, हे मी पूर्ण जाणते. तरीही बिबट्याला लढणारा पक्ष मानले, की ‘पकडा आणि हलवा’ हा उपाय साहजिक वाटू लागतो, आणि पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलात सोडल्यावर त्या जंगलालगतच्या गावांत हल्ले वाढल्याचे अभ्यासकांनी याच भागात नोंदवलेले आहे.

मनाच्या आतील ‘कॉन्फ्लिक्ट’साठी मात्र मराठीला उसने काही घ्यावे लागत नाही. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ असे म्हणताना तुकोबांनी ‘अंतर्बाह्य जग आणि मन’ ही दोन्ही रणांगणे एका ओळीत आणली. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी विसाव्या शतकात अशा ओढाताणीचे प्रकार सांगितले. दोन्ही पर्याय नकोसे असण्याच्या प्रकाराला आपल्याकडे ‘इकडे आड तिकडे विहीर’ म्हणतात. एकच गोष्ट हवीही आणि नकोही असते, तेव्हा धरले तर चावते आणि सोडले तर पळते.

त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी आधी ‘सशस्त्र विग्रह’ लिहून पाहिले. संधी म्हणजे तह आणि विग्रह म्हणजे युद्ध, ही राजनीतीतील जुनी जोडी तटस्थ आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पण मसुदा वाचणाऱ्या तिघांपैकी दोघांना समासाचा विग्रह आठवला आणि एकाला देवाची मूर्ती. शेवटी ‘आर्म्ड स्ट्रगल’ला ‘सशस्त्र लढा’ केले, आणि कायद्याच्या परिच्छेदात ‘संघर्ष’ राहू दिला. मात्र जेथे जेथे तो आला, तेथे त्याच्याआधी ‘दोन पक्षांमधील’ हे शब्द घातले.