आधी ब्रेक, रंग सर्वांत शेवटी

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण इथं डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्याच धंद्यात आहेत. तेव्हा इंजिन म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मी बोलणार आहे ते नोकरी सांभाळून, घरच्या गॅरेजात जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीचं इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी, पुन्हा उभी कशी करायची याबद्दल. उदाहरणाला एकच गाडी घेतो, 1968 ची पॉन्टिॲक जीटीओ. माझं म्हणणंही आधीच सांगून टाकतो: गाडी घरी आणल्या आणल्या सगळी सुटी करू नका. जे बिघडलंय तेवढंच उघडा. हौसेनं बोल्ट न् बोल्ट सोडवलेल्या आणि मग खोक्यांत भरून विकायला काढलेल्या गाड्या इथं इतक्या दिसतात, की जीव तुटतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. मधल्या आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा, म्हणजे पॉन्टिॲकच्या मूळ कंपनीचा, नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 च्या टेम्पेस्ट लेमान्स या पॉन्टिॲकच्या मधल्या आकाराच्या गाडीत 389 क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची सोय म्हणून, दिलं आणि नियमाला बगल दिली. जीटीओ जन्मली ती अशी. 1966 मध्ये ती स्वतंत्र मॉडेल झाली, 1968 ला तिच्यात 400 क्युबिक इंचांचं इंजिन होतं, आणि या पहिल्या मालिकेचं शेवटचं वर्ष 1974.

घेणाऱ्यासाठी हा ‘ऑप्शन’चा मामला महत्त्वाचा आहे. 1964 आणि 65 च्या गाडीच्या क्रमांकावरून ती साधी लेमान्स की जीटीओ, हे कळतच नाही. 1968 ला मात्र डॅशबोर्डवरची क्रमांकाची पट्टी पुढच्या काचेतून वाचता येते. आकडा 242 नं सुरू झाला तर जीटीओ, 237 असेल तर लेमान्स, मग बिल्ले कितीही चमकत असोत. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही जुन्या नोंदी पुरवणारी संस्था फी घेऊन कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत देते. पैसे मोजण्याआधी ती मागवा.

मग गंज. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे खालची बाजू सगळेच तपासतात. या गाडीची खरी दुखरी जागा वर आहे: मागच्या काचेखालची खाच. तिथं पाणी साचतं, पत्रा आतून खाल्ला जातो, आणि पाणी झिरपून डिकीचा तळ कुजवतं. छतावर व्हिनाइलचं (प्लास्टिकसारखं) आवरण असेल तर त्याच्याखालीही ओल राहते. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं ते पकड सोडेल तिथं आत पुट्टी आहे. ठिगळ मारताना एक सलग वेल्डिंग कधीही करू नका. एक टाका इथं, दुसरा लांब तिथं, मध्ये पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तो तापून वाकतो.

आता ब्रेक, आणि इथं घाई नको. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, मजबूत स्टँड लावायचेच. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ड्रम काढल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगलेल्या असतात. पेडल दाबलं की तेल पुढं जातं, सोडल्यावर मागं येत नाही, आणि चाक आवळलेलंच राहतं. होज, व्हील सिलिंडर, गंजलेल्या नळ्या, सगळं नवं घाला. मूळ भागांचं प्रेम इथं बाजूला ठेवा. जुन्या पेट्रोलची टाकीही खाली उतरवून साफ करा, आणि इंधनाच्या होज इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

इंजिन चालू करण्याआधी पॉन्टिॲकवाल्यांनी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यानं कॅमशाफ्टच्या (इंजिनातल्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरला नायलॉनचे दात दिले होते; हा गिअर क्रँकशाफ्टवरून चेननं फिरतो. इतक्या वर्षांत ते ठिसूळ होतात, तुटून ऑइल पॅनमध्ये पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. ऑइलचा दाब गेला की इंजिन गेलं. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा, क्रँकशाफ्ट पान्यानं थोडा उलटसुलट फिरवा आणि टोपीखालचा फिरणारा रोटर कधी हलतो ते बघा. क्रँक बराच फिरूनही रोटर जागचा हलत नसेल तर चेन सैल आहे. चेन आणि गिअरचा सगळा संच पोलादी घाला. कॅमशाफ्टही नवा बसवलात तर पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन आयडलवर (मंद गतीवर) सोडू नका. जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल भरून साधारण वीस मिनिटं मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या वर ठेवा. या कॅमचे उंचवटे (लोब) आणि ते ज्यांना ढकलतात ते टॅपेट यांच्यात थेट घर्षण आहे, आणि आजच्या साध्या ऑइलमध्ये जस्त कमी केलेलं असतं.

मला या इंजिनातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतली छोटी खिडकी. इंजिन चालू असताना तिच्यातून ॲलन की घालायची, स्क्रू उजवीकडे वळवत न्यायचा, इंजिन अडखळलं की अर्धा फेरा मागं घ्यायचा. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, लागले! मीटर असेल तर ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) 30 अंशांवर आणा, नसेल तर कान पुरे. साठहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी घरी काम करणाऱ्या माणसाचा विचार करून हे बनवलं, याचं मला आजही अप्रूप आहे.

रंगाचं काम मात्र घरी करू नका. आजच्या युरेथेन रंगांतलं आयसोसायनेट फुप्फुसं कायमची बिघडवू शकतं. साधा मास्क ते अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, आणि तुमचं गॅरेज घराला चिकटलेलं आहे. शिवाय कारखान्याचा मूळ लॅकर रंग तग धरून असेल तर तो घासून काढायचाच कशाला? फिका पडलेला चालेल. पहिला उन्हाळा गाडी आहे त्या रंगात चालवा. ऑइल कुठं गळतं, कुठलं दार नीट बसत नाही, पावसात पाणी कुठून येतं, हे चालवल्याशिवाय कळत नाही. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ती तशीच डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर घेऊन या. तिथं ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, असते. चकचकीत गाड्यांपेक्षा कारखान्याचा रंग टिकवलेल्या गाडीपाशी जाणकार जास्त वेळ थांबतात, आणि तुमच्या अडलेल्या कामाचं उत्तर त्यांच्यातल्याच कुणाकडे तरी असतं.