सुपर जीटी : स्टँडमध्ये बसून बघताना

मंडळी, गाड्यांची शर्यत म्हटली की आपल्याकडे पहिलं नाव निघतं फॉर्म्युला वनचं. जपानी माणूस मात्र पोराबाळांना घेऊन, तंबू आणि घडीच्या खुर्च्या गाडीत टाकून जिथे जातो ती शर्यत म्हणजे सुपर जीटी. १९९३ साली ती ऑल जपान ग्रँड टूरिंग कार चॅम्पियनशिप म्हणून सुरू झाली, २००५ मध्ये नाव बदललं. टोयोटा, निस्सान आणि होंडा यांचं हे घरचं भांडण. आज मी इंजिनांवर कमी बोलणार आहे, तिकीट काढून बसलेल्या माणसावर जास्त. कारण मला वाटतं, या शर्यतीचे नियम त्याच्याकडे बघूनच केलेले आहेत.

पहिला नियम असा की एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी, दोन शर्यती चालतात. जीटी५०० हा वरचा वर्ग. दिसायला टोयोटाची सुप्रा, निस्सानची झेड, नाहीतर होंडाची गाडी; होंडाने २०२४ मध्ये एनएसएक्सच्या जागी सिव्हिक आणली होती. आत मात्र शोरूममधल्या गाडीचं काहीही नाही. कार्बन फायबरचा सांगाडा आणि दोन लिटरचं चार सिलिंडरी टर्बो इंजिन. दुसरा वर्ग जीटी३००. त्यात मर्सिडीज, फेरारी, लॅम्बोर्गिनी आहेत, सुबारूची बीआरझेड आहे, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत चक्क प्रियस धावायची. हसू नका, ती जिंकायचीही. सगळ्या मिळून चाळीसेक गाड्या.

आता फुजी स्पीडवे या ट्रॅकचा हिशेब बघा. एक फेरी ४.५६३ किलोमीटरची. तिच्यात जीटी५०० ची गाडी जीटी३०० पेक्षा आठ-दहा सेकंदांनी वेगवान. म्हणजे सुरुवात होऊन थोड्या फेऱ्या झाल्या की पुढचे लोक मागच्या वर्गाच्या शेपटीला येऊन भिडतात, आणि तिथून शेवटपर्यंत ट्रॅक कधी मोकळा होत नाही. लांबून ओळखायची खूण म्हणजे दिवे: जीटी५०० चे पांढरे, जीटी३०० चे पिवळे. नवखा प्रेक्षक पहिल्या नंबरवर डोळे लावून बसतो. तसं करू नका. दोन पांढरे दिवे आणि त्यांच्यासमोर पिवळ्यांचा घोळका, असं जिथे दिसेल तिथे बघा. सरळ रस्त्यावर प्रश्न नसतो, वेगवान गाडी निघून जाते. पण फुजीचा शेवटचा भाग अरुंद आणि चढाचा आहे. तिथे पिवळा दिवा मध्ये आला की पुढच्याने पाच फेऱ्या घाम गाळून मिळवलेली आघाडी एका वळणात जाते. शिवाय त्या पिवळ्या दिव्यामागचा ड्रायव्हरही स्वतःच्या शर्यतीत असतो. त्याने बाजूला का व्हावं?

दुसरा नियम वजनाचा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर घोड्यांचं वजन वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल. जिंकलात की पुढच्या शर्यतीत गाडीत वजन घाला. जीटी५०० मध्ये वर्षानुवर्षं हिशेब राहिला तो गुणामागे दोन किलो. म्हणजे वीस गुणांच्या विजयाला चाळीस किलोंचा दंड. ओझं साठत पन्नास किलोंच्या पुढे गेलं तर काही वजनाऐवजी इंजिनाचा इंधनप्रवाहच आवळतात. शेवटून दुसऱ्या शर्यतीत ओझं निम्मं होतं आणि अखेरच्या शर्यतीत सगळं उतरतं. काहींना हा अन्याय वाटतो. चांगलं चालवल्याची शिक्षा कसली? मला पटतो, कारण त्यामुळे विजेतेपदाचा निकाल बहुतेक वेळा नोव्हेंबरपर्यंत लांबतो.

आणि नोव्हेंबर म्हटलं की २०२० सांगायलाच हवं. फुजी, शेवटची शर्यत, शेवटची फेरी. टॉम्स टीमच्या ३७ नंबरच्या सुप्रात र्‍यो हिराकावा पुढे, चॅम्पियनशिप हातात. मागे शंभर नंबरची रेब्रिग एनएसएक्स, नाओकी यामामोतो. हिराकावा शेवटच्या वळणातून बाहेर आला आणि सुप्राचं इंधन संपलं. झेंडा समोर दिसतोय आणि गाडी नुसती घरंगळतेय. यामामोतो बाजूने निघून गेला, शर्यतही त्याची आणि वर्षही त्याचं. मी हे टीव्हीवर पाहिलं. एरवी फार शिस्तीत बोलणाऱ्या जपानी समालोचकांचा आवाज त्या दिवशी ऐकण्यासारखा होता.

आपला माणूस तिथे होता का? होता. नारायण कार्तिकेयन २०१९ चा हंगाम नाकाजिमा रेसिंगच्या एनएसएक्समधून धावला. त्याच नोव्हेंबरात फुजीला जर्मनीच्या डीटीएम या शर्यतमालिकेतल्या गाड्या आणि सुपर जीटीच्या गाड्या एकत्र उतरल्या, त्यातली रविवारची शर्यत त्याने जिंकली. आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी किती जणांनी वाचली असेल, देव जाणे.

स्टँडचं वातावरण वेगळंच. कंपन्यांच्या समर्थकांसाठी वेगळ्या जागा असतात, तिथे झेंडे मिळतात आणि लोक ते खरंच हलवतात. पिट वॉकचं तिकीट जादा. ते काढलंत तर गॅरेजसमोर उभं राहून गाड्या बघता येतात, ड्रायव्हर सह्या देतात. सगळ्यात मोठी गर्दी बऱ्याचदा एखाद्या फेरारीपुढे नसते, हात्सुने मिकू या निळ्या वेण्यांच्या कार्टून गायिकेचं चित्र अंगभर रंगवलेल्या मर्सिडीजपुढे असते. गंमत म्हणून सोडून देऊ नका, त्या टीमने २०११, २०१४ आणि २०१७ अशी तीनदा जीटी३०० ची चॅम्पियनशिप जिंकली आहे. चाहत्यांनीही पैसे घातलेली ही टीम आहे.

जाणार असाल तर पहिल्या खेपेला मे महिन्याच्या सुट्ट्यांतली फुजीची शर्यत निवडा. सुझुका ट्रॅक म्हणून सरस आहे, हे मान्य. पण फुजीच्या मुख्य स्टँडवरून दीड किलोमीटरचा सरळ रस्ता समोर असतो, तीनशेच्या आसपास धावणाऱ्या गाड्या पहिल्या वळणाला ब्रेक मारताना दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर फुजी डोंगरही दिसतो. ‘असेल तर’ हे लक्षात ठेवा. ही जागा फुजीच्या पायथ्याशी, उंचावर आहे. धुकं आणि पाऊस सांगून येत नाहीत. छत्रीने मागच्यांचं दिसणं बंद होतं, रेनकोट न्या. कानांत घालायला बोळे न्या, लहान मुलांसाठी तर नक्कीच. समालोचन जपानीत असतं, म्हणून मोबाइलवर फेऱ्यांच्या वेळा दाखवणारं पान उघडं ठेवा. रेल्वेने जाणाऱ्यांनी गोतेंबा स्टेशनला उतरून बस धरायची. परतीच्या बसला मोठी रांग लागते, तेव्हा पारितोषिक समारंभ पूर्ण बघायचा की रांगेत आधी उभं राहायचं, हे जाण्याआधीच घरच्यांशी ठरवून घ्या.