एसी/डीसी म्हणजे माल्कम

नमस्कार मंडळी. कार्डावर विषय छापलाय 'एसी/डीसी: पन्नास वर्षांचा प्रवास'. तो मी घेणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ती सोडून प्रवास सांगायचा म्हणजे नुसती सनावळी वाचायची. गोष्ट अशी, की या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा मेंदू, कणा, कारभारी, काय म्हणाल ते, सोलो वाजवणारा अँगस यंग नव्हता. माल्कम यंग होता, अँगसचा थोरला भाऊ.

अँगसला फोटोत ओळखणारे हात वर करा बघू. झालं, अख्खा हॉल. शाळेचा युनिफॉर्म, हाफ पँट, टाय, ओळखणारच. (तो युनिफॉर्म त्यांच्या बहिणीनं, मार्गारेटनं सुचवलेला. बँडचं नावही तिच्याच शिलाई मशीनवरून आलं म्हणतात, ते तुम्हाला माहीत असेल.) आता माल्कमला ओळखणारे? पाच-सहा. आणि त्यातले तिघं स्वतः गिटार वाजवतात, म्हणजे ते धरायचेच नाहीत!

हीच माझी तक्रार आहे आणि ती जुनी आहे. थोर गिटारवाल्यांच्या याद्या निघतात, सोलो वाजवणारे ओळीनं बसतात, आणि ऱ्हिदम, म्हणजे मागे कॉर्डचा ठेका, वाजवणारा म्हणजे ज्याला सोलो जमला नाही तो, असं धरूनच चालतात लोक. अहो, माल्कमला सोलो येत होता, सुरुवातीला तो वाजवायचाही. अँगसचा हात त्यात जास्त चालतो हे बघून त्यानं ते काम धाकट्याला देऊन टाकलं आणि स्वतः मागे ॲम्पजवळ जाऊन उभा राहिला. कोणताही जुना कॉन्सर्ट काढा, माल्कम कोरस म्हणायला चार पावलं पुढे येतो, म्हणून झालं की परत मागे. आपल्याकडे मैफलीत ठेका हलला की गवई कितीही मोठा असो, सगळं कोसळतं, हे आपण मान्य करतो ना? मग रॉकमध्येच ठेका धरणारा अदृश्य का?

त्याची गिटार बघा. १९६३ची ग्रेच जेट फायरबर्ड, जवळजवळ आयुष्यभर तीच. मूळची लाल, यानं रंग खरवडून लाकूड उघडं केलं. मानेकडचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारं चुंबक, काढून टाकला, तिथलं भोक तसंच. राहिला फक्त ब्रिजजवळचा. तारा इतक्या जाड की आपण तासभर वाजवलं तर बोटं सोलवटतील. आणि ॲम्पवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटवणं, लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी. इथं खरी गंमत आहे, कारण डिस्टॉर्शन वाढवलं की कॉर्डमधल्या तारा एकमेकीत मिसळून नुसती घरघर होते, कमी ठेवलं की प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, पण मग लपायला जागा राहत नाही, हात जरा मागेपुढे झाला की उघडा पडतो. कॉलेजचे बँड यांची गाणी वाजवतात तेव्हा नोट्स सगळ्या बरोबर असतात, तरी ते तसं वाजत नाही. नव्वद टक्के वेळा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन वाढवणारं बटण, जास्त असतो, आणि दोन कॉर्डमधली शांतता त्यांना सोसवत नाही.

'हायवे टू हेल' हे त्यांचं गाणं घरी जाऊन हेडफोनवर ऐका. कडव्यात बास गिटार नाहीच! क्लिफ विल्यम्स गप्प उभा. गिटार वाजते, थांबते, मध्ये फक्त फिल रडचे ड्रम्स, परत गिटार. कोरस आला की बास येतो आणि मग ते गाणं छातीवर येतं. न वाजवण्याची ही शिस्त माल्कमची.

आणि 'बॅक इन ब्लॅक' गाण्याच्या रिफची, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याची, गोष्ट तर सांगायलाच हवी, स्वतः अँगसनंच सांगितलेली आहे ती. 'हायवे टू हेल'ची टूर चालू होती, माल्कम एक कॅसेट घेऊन आला, त्यात दोन-चार कल्पना वाजवलेल्या. म्हणाला, हे डोक्यात घोळतंय, तुला काय वाटतं? नाही आवडलं तर तो ते पुसून कॅसेट परत वापरणार होता, कारण टूरवर कोऱ्या कॅसेटी पटकन मिळायच्या नाहीत. अँगस म्हणाला, टाकू नकोस, तुला नको असेल तर मी घेतो. म्हणजे जगातला प्रत्येक गिटार शिकणारा पोरगा जो रिफ पहिल्या महिन्यात वाजवायला जातो, तो एका कॅसेटची टंचाई म्हणून गेला असता! मला अजून विचार करून कसंतरी होतं.

यांची सगळी गाणी सारखीच वाटतात, असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यात माझी बरीच संध्याकाळ... हो, चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. बरं, पळू या मग.

यंग कुटुंब मूळ ग्लासगोचं, १९६३ मध्ये सिडनीला आलं. एसी/डीसी निघाला तोवर मोठा भाऊ जॉर्ज ईझीबीट्स या बँडमध्ये नाव कमावलेला. एसी/डीसीचा पहिला शो ३१ डिसेंबर १९७३, सिडनीत चेकर्स क्लबमध्ये. १९७४ मध्ये बॉन स्कॉट गायला आला, जॉर्ज आणि हॅरी वांडा प्रोड्यूसर. मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर ट्रकवर उभं राहून बॅगपाइपसकट केलेला १९७६चा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. मेलबर्ननं २००४ मध्ये त्यांच्या नावाची गल्लीही केली, फक्त रस्त्याच्या पाटीवर ती तिरकी रेघ चालत नाही म्हणून नुसतं एसीडीसी लेन. त्याच १९७६ साली अमेरिकन कंपनीनं 'डर्टी डीड्स'चा अल्बम काढायलाच नकार दिला. पाच वर्षांनी काढला तर तिसऱ्या नंबरवर गेला!

१९७९ मध्ये मट लँग प्रोड्यूसर झाला, 'हायवे टू हेल' अल्बम आला आणि दार उघडलं. १९ फेब्रुवारी १९८०ला बॉन लंडनमध्ये वारला. त्याच्या जागी गायला न्यूकॅसलचा ब्रायन जॉन्सन आला, बहामातल्या नासाऊला रेकॉर्डिंग झालं, २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाजारात. जेमतेम पाच महिने झाले होते. अल्बमच्या सुरुवातीला वाजते ती घंटा खरी आहे, इंग्लंडमध्ये लफबरोच्या फाउंड्रीत ओतलेली, टनभर वजनाची. एकट्या अमेरिकेत अडीच कोटींच्या वर खप.

मग ऐंशीच्या मध्यात उतार लागला, खप घसरला, आजूबाजूला सगळे सिंथसायझर घेत होते, पण यांनी आवाज बदलला नाही. हा निर्णय म्हणजे माल्कमच, आणि 'प्रवास' म्हणून मला मुळात हेच सांगायचं होतं. १९८८ मध्ये दारू सोडायला म्हणून तो टूरमधून बाहेर पडला, पुतण्या स्टीव्ही त्याच्या जागी उभा राहिला, हा बरा होऊन परत आला. १९९० मध्ये 'थंडरस्ट्रक' हे गाणं.

२०१४ मध्ये डिमेन्शियामुळे तो कायमचा थांबला, जागेवर परत स्टीव्हीच. १८ नोव्हेंबर २०१७ला माल्कम गेला. जॉर्ज त्याच्या काही आठवडेच आधी गेलेला. आणि २०२० मध्ये 'पॉवर अप' अल्बम आला, त्यातली बाराच्या बारा गाणी अँगस आणि माल्कम यांच्या नावावर आहेत, कारण दोघांनी पूर्वी करून ठेवलेल्या रिफ्स अँगसनं काढून पुऱ्या केल्या. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे पहिला नंबर. विचारा आता काय विचारायचं ते, आणि गिटारवाल्या तिघांनी कार्यक्रम झाल्यावर मला भेटा, गेन किती ठेवता ते बघायचंय.