हरळीचा तुकडा आणि आज्जीची ओवी

नमस्कार श्रोतेहो.

सुगी आटोपत आली की आपल्या सीमाभागात साहित्य संमेलनांचे दिवस येतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, माचीगड, तिकडं कारदगा. रविवार धरून मांडव पडतो. सकाळी देवळापासून ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढं लेझमीची पोरं, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका, दारोदार सडा-रांगोळी. गावानं वर्गणी काढून साहित्याचा सण करावा, याचा मला फार अभिमान वाटतो.

असाच सण इंग्लंडातल्या हेल्प्स्टन नावाच्या खेड्यात होतो. तिथं १७९३ साली जॉन क्लेअर जन्मला. बाप मळणीचा मजूर. पोरगाही मळणीला गेला, नांगरामागं चालला, चुन्याच्या भट्टीवर राबला आणि कविता लिहीत राहिला. १८०९ च्या कायद्यानं गावची गायरानं कुंपणात गेली, ती जखम त्याच्या कवितेत शेवटपर्यंत राहिली. १८२० साली पहिलं पुस्तक आलं, लंडननं कौतुक केलं आणि पुढं विसरूनही गेलं. १८४१ साली मनोरुग्णालयातून निघून तो घराच्या ओढीनं सुमारे ऐंशी मैल चालला, वाटेत गवत खाऊन. बेळगावहून कोल्हापूर गाठून आणखी पुढं जाण्याएवढं ते अंतर! त्याच वर्षी त्याला पुन्हा रुग्णालयात ठेवलं. १८६४ साली तो तिथंच गेला.

आता दर जुलैत, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, गावातली शाळकरी मुलं मातीसकट हरळीचे तुकडे काढतात, त्यात फुलं खोचतात आणि चर्चच्या आवारातल्या त्याच्या कबरीभोवती मांडतात. असं सजवलेलं गवत घरात ठेवायची तिथल्या गरिबांची जुनी रीत होती. क्लेअरनंच ती लिहून ठेवली.

त्याच्या कवितेत गावचे शब्द असायचे. गोगलगाईच्या शंखाला तो 'पूटी' म्हणायचा. प्रकाशक त्याची भाषा नीट करायला बसला, तेव्हा व्याकरणाला क्लेअरनं जुलमी राजवटीच्या पंगतीत बसवलं.

हे वाचलं आणि मला आमच्या गल्लीतली एक आज्जी आठवली. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात रोप लावणी आणि भांगलण केली तिनं. चिखलात वाकून ओव्या रचायची, अक्षर येत नव्हतं. एका संमेलनाच्या स्मरणिकेसाठी मी तिची ओवी उतरवून घेतली. तिनं म्हटलं होतं, 'पाय रुतूलालं'. मी लिहिलं, 'पाय रुतत होते'. छापून आल्यावर तिला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "चांगली हाय बाळा. पण ही माझी न्हवं."

श्रोतेहो, आपण 'येऊलालोय', 'करूलालंय' असं घरात बोलतो आणि माईकसमोर आलो की ते गिळतो. मराठीसाठी इतकी वर्षं झगडणाऱ्या आपल्या भागानं आपलीच मराठी का लपवावी? संमेलनात निदान एक सत्र बांधावरच्या, वीटभट्टीवरच्या, विडी वळणाऱ्या माणसांच्या कवितेला द्या. ती जशी येते तशी ऐका, जशी येते तशी छापा.

आज्जी आता नाही. यंदा आमच्या मांडवात तिची नात ती ओवी म्हणणार आहे, 'रुतूलालं' असंच. आणि दिंडीच्या पालखीत ग्रंथांशेजारी, आज्जी जिथं भांगलायची त्या बांधावरचा हरळीचा एक तुकडा असेल, मातीसकट.

नमस्कार.