महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ घरी

पगार महिन्याला ३० डॉलर. आणि त्यातले साधारण २५ डॉलर पोराच्या हातात यायचेच नाहीत, सरकार ते परस्पर त्याच्या घरी पाठवायचं. पोराकडे उरायचे ५. त्यात सिगारेट, शनिवारी जवळच्या गावात जाऊन सिनेमा, पत्राला स्टॅम्प, की झाला महिना.

ही अमेरिकेतली गोष्ट आहे, १९३३ सालची, बेकार पोरांना जंगलाच्या आणि मातीच्या कामाला लावणाऱ्या एका सरकारी योजनेची. शेअर मार्केट कोसळून साडेतीन वर्षं झालेली, बँका बुडालेल्या, दर चार कामगारांमागे एक जण घरी बसलेला. आणि तरण्या पोरांची तर अजूनच वाईट अवस्था, कारण अनुभवी माणसालाच काम मिळेना तिथे यांना कोण विचारतंय? हजारो पोरं चालत्या मालगाडीत चढून गावोगाव काम शोधत फिरत होती.

४ मार्चला रूझवेल्टनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. ३१ मार्चला या योजनेच्या कायद्यावर सही, ७ एप्रिलला पहिला पोरगा भरती, १७ एप्रिलला व्हर्जिनियाच्या जंगलात पहिला कॅम्प उभा. आणि जुलै उजाडेपर्यंत अडीच लाखांच्या वर पोरं कॅम्पात. सरकारी काम आणि हा स्पीड, आपल्याला पटकन खरं वाटत नाही, पण तारखा रेकॉर्डवर आहेत.

नाव सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर, सगळे सीसीसीच म्हणायचे. भरतीची अट सरळ होती, वय १८ ते २५, लग्न झालेलं नको, काम नको, आणि घरचे सरकारी मदतीवर असलेले. (वयाच्या बाबतीत थापा मारून घुसलेलीही खूप होती, ते चालायचंच.) पोरं निवडायचं काम कामगार खात्याकडे, काय काम करायचं ते शेती खात्याकडे आणि सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या इंटिरियर खात्याकडे, आणि कॅम्प चालवायचे आर्मीने, कारण एवढी माणसं हलवायची, जेवू घालायची, झोपवायची ताकद दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. इथेच कामगार युनियनवाले भडकले, म्हणाले दिवसाला एक डॉलर आणि वर लष्करी शिस्त, हे कुठल्या दिशेने चाललंय? मग रूझवेल्टनी हुशारी काय केली, तर सगळ्याचा प्रमुख म्हणून युनियनचाच माणूस बसवला, रॉबर्ट फेक्नर. विरोध बराचसा तिथेच थंड झाला.

पोरांच्या अंगावरचे कपडे पहिल्या महायुद्धातले शिल्लक राहिलेले, कुणाला ढगळ, कुणाला तोकडे. एका कॅम्पात साधारण २०० जण, सुरुवातीला तंबू, नंतर लाकडी बराकी. पहाटे बिगुल, आठ तास काम, पण बंदुकीची कवायत नाही. तीन वेळचं पोटभर जेवण मिळायला लागलं आणि काही महिन्यांतच पोरांची वजनं वाढली. संध्याकाळी वर्ग भरायचे, ४० हजारांच्या वर पोरं तिथे पहिल्यांदा लिहायला वाचायला शिकली.

लोक बोलताना ३०० कोटी झाडांचा आकडा आधी सांगतात, तो खरा आहेच, पण मला विचाराल तर सीसीसीचं सगळ्यात डोक्याने केलेलं काम झाडांचं नाही, मातीचं आहे. विस्कॉन्सिनमध्ये कून व्हॅली नावाचं खोरं आहे. तिथे शेतकरी उतारावर उभी नांगरणी करायचे, डोंगरावर गुरं मोकाट चरायची, पाऊस आला की पाणी सुसाट खाली आणि सोबत माती, शेतातून घळी पडलेल्या, नाला गाळाने भरलेला. १९३३ मध्ये सरकारने ठरवलं की एकट्यादुकट्याचं शेत सुधारून काही होणार नाही, पाणी शेताची हद्द बघून वाहत नाही, म्हणून अख्खं खोरंच एकत्र घ्यायचं. अमेरिकेत हे पहिल्यांदाच होत होतं. चारशेच्या वर शेतकरी तयार झाले, सीसीसीची पोरं फावडी कुदळी घेऊन उतरली, समतल रेषेवर पट्टापेर, बांध, घळींना अडथळे, तीव्र उतारावर झाडं आणि कुंपण, म्हणजे गुरं वर जायची बंद. अल्डो लिओपोल्डसारखा निसर्गसंवर्धनातला मोठा माणूस सल्ल्याला होता. ते पट्टे आजही विमानातून दिसतात, आणि आपल्याकडे पाणलोटाच्या कामावर गेलेल्या कुणालाही ते बघून काय चाललंय हे सांगावं लागणार नाही.

बाकी कामांची यादी संपता संपत नाही, वणव्यावर नजर ठेवायला ३ हजारांवर मनोरे, रस्ते, पूल, टेलिफोनच्या तारा. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी नदीकाठाने एक पायवाट आहे, सुमारे दोन मैलांची, ती ८१८ नंबरच्या कंपनीने सुरुंग लावून कड्यात कोरली, कामाला तीनेक वर्षं गेली. कॉलोराडोतलं रेड रॉक्स नावाचं उघड्यावरचं थिएटर, जिथे पुढे बीटल्स येऊन गाऊन गेले, तेसुद्धा याच पोरांनी बांधलंय. आणि हे सगळं फुकटात झालेलं नाही. १९३७ च्या ऑगस्टमध्ये वायोमिंगच्या ब्लॅकवॉटर वणव्यात १५ जण गेले, त्यात बरीचशी सीसीसीची पोरं होती.

पहिल्या महायुद्धातले माजी सैनिकही यात आले. १९३२ मध्ये युद्धात लढल्याचा कबूल केलेला बोनस मागायला ते वॉशिंग्टनला जमले होते तेव्हा रूझवेल्टच्या आधीचे अध्यक्ष हूवर यांनी त्यांच्यावर फौज घातली. पुढच्या वर्षी परत आले तर एलिनॉर रूझवेल्ट स्वतः चिखल तुडवत त्यांच्या छावणीत गेल्या. हूवरने आर्मी पाठवली, रूझवेल्टने बायको, असं सैनिक म्हणायला लागले. त्याच सुमारास त्यांच्यासाठी वयाची अट काढून वेगळे कॅम्प निघाले.

पण सगळंच गोड नाही हं. कायद्यात स्पष्ट लिहिलेलं की वंश, रंग, धर्म बघून भेदभाव करायचा नाही, काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, एकमेव काळ्या सदस्याने, ऑस्कर डी प्रीस्टने, ते कलम घालून घेतलं होतं. आणि १९३५ मध्ये त्याच फेक्नरसाहेबांनी हुकूम काढला की गोऱ्यांचे आणि काळ्यांचे कॅम्प वेगळे. कलम कागदावर तसंच. दोन लाखांच्या आसपास काळी पोरं अशा वेगळ्या कॅम्पांत राबली. मूळ अमेरिकन लोकांचा विभाग निराळा होता, ते आपापल्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, काम करायचे आणि पुष्कळसे घरीच राहायचे, आर्मीचा संबंध नाही. बायकांना तर सीसीसीत जागाच नव्हती. एलिनॉरबाईंनी खटपट करून न्यूयॉर्कजवळ बेकार मुलींसाठी कॅम्प काढला, पुढे तसे अजून निघाले, पण सगळे मिळून साडेआठ हजार मुली. पोरांचा आकडा ३० लाखांच्या घरात.

आणि निसर्गाच्या नावाने केलेली सगळी कामं निसर्गाला मानवलीच असंही नाही. दक्षिणेत माती धरून ठेवायला कुडझू नावाचा वेल लावला, त्याने नंतर झाडं, विजेचे खांब, पडकी घरं सगळंच झाकून टाकलं. हाताशी एवढी पोरं आहेत म्हटल्यावर फॉरेस्टवाल्यांनी १९३५ मध्ये ठरवलं की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. ऐकायला छान वाटतं, पण वाळका पालापाचोळा जाळून टाकणाऱ्या छोट्या आगीही लगेच विझवल्या जाऊ लागल्या आणि जंगलात वाळकं सरपण साठत गेलं. आज पश्चिमेकडचे वणवे इतके भडकतात त्यामागे हेही एक कारण धरतात.

१९४१ पर्यंत कारखान्यांत काम मिळायला लागलं होतं, मग जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, अमेरिका युद्धात उतरली आणि तीच पोरं, ज्यांना बराकीत राहायची, बिगुलावर उठायची सवय होती, लष्करात गेली. रिकामे झालेले काही कॅम्प युद्धाला नकार देणाऱ्यांना ठेवायला वापरले, काही जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबायला. जून १९४२ मध्ये काँग्रेसने सीसीसीचं बजेट नाकारलं. कायदा करून ती रद्द अशी कधी केलीच नाही, पैसे द्यायचे बंद केले, बस.