ताटाएवढी पृथ्वी

श्रोतेहो, टेबलावर इवल्या प्रतिकृती मांडून अंतराळातील आरमारी लढाया खेळण्याचा नाद लागलेला माणूस वर्षा-दोन वर्षांत स्वतःचे नियम लिहायला बसतो, आणि बसला की सर्वांत आधी तोफांची यादी करतो. मीही तेच केले. शंभर पानी वहीची पहिली वीस पाने किरणतोफा, क्षेपणास्त्रे आणि सुरुंग यांच्या तक्त्यांनी भरली. पहिला डाव मांडला तेव्हा मात्र दोन्ही ताफे समोरासमोर येऊन उभे राहिले आणि एक बाजू संपेपर्यंत आम्ही नुसते फासे टाकत बसलो. कोणते जहाज कोठे आहे याला काही अर्थच उरला नव्हता. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, या खेळाच्या नियमांत मारायचे कसे याच्या आधी थांबायचे कसे हे ठरवावे लागते.

समुद्रातले जहाज इंजिन बंद केले की पाण्याच्या विरोधाने मंदावते आणि सुकाणू वळवले की वळते. अंतराळात यातले काहीच होत नाही. नाक फिरवले तरी जहाज जुन्याच वाटेने सरकत राहते, आणि जितका जोर लावून वेग घेतला तितकाच जोर उलट दिशेने लावल्याशिवाय तो उतरत नाही. तरीही अंतराळयुद्धाच्या बऱ्याच खेळांनी चाल समुद्राचीच ठेवली, कारण तिच्यात डाव सुटसुटीत चालतो. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या, जॉन टफली यांच्या 'फुल थ्रस्ट' या खेळात जहाजाची दिशा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा भागांत मोजतात आणि वळण निम्मे चालीच्या आरंभी, निम्मे मध्यावर घेतात. मोठी जहाजे त्यात खरोखर डौलाने वळतात. जडत्वाची चाल हवी असणाऱ्यांसाठी तिचा पर्याय त्याच खेळाच्या १९९८च्या पुरवणीत आला. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ साली, अमेरिकेतील 'ट्रायप्लॅनेटरी' या खेळाने षट्कोनी घरांच्या नकाशावर प्लॅस्टिक पसरून पुसता येणाऱ्या पेन्सिलीने वेगाचे बाण काढायची युक्ती केली होती.

आमच्या घरी बाणांऐवजी कॅरमच्या सोंगट्या आहेत. प्रत्येक जहाजाच्या मागे काळी सोंगटी असते, ती गेल्या फेरीतली जागा. पुढे पांढरी असते, ती येत्या फेरीतली. काळीपासून जहाजापर्यंत जितके अंतर आणि जी दिशा, तितक्याच अंतरावर त्याच दिशेने पांढरी ठेवायची, आणि मग इंजिनात जितक्या इंचांचा जोर असेल तितकी ती हव्या त्या बाजूला सरकवायची. नंतर काळी जहाजाच्या जागी आणि जहाज पांढरीच्या जागी येते. नियम एवढाच. दहा इंचांचा वेग आणि दोन इंचांचे इंजिन असलेले जहाज थांबवायचे म्हटले तर ते आठ, सहा, चार आणि दोन इंच जाते आणि पाचव्या फेरीला उभे राहते. तोवर वीस इंच सरलेले असतात. चार फूट रुंदीच्या पटावर वीस इंच म्हणजे काय, हे पहिल्याच डावात पटाबाहेर गेलेल्या माझ्या तीन जहाजांनी मला शिकवले.

मापाचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. एक इंच म्हणजे १,००० किलोमीटर धरले, तर १२,७४२ किलोमीटर व्यासाची पृथ्वी पावणेतेरा इंचांची होते, आणि आमच्या स्वयंपाकघरातले मोठे स्टीलचे ताट टेप लावून पाहिले तर नेमके तेवढेच भरले. चंद्र या मापाने ३८४ इंचांवर, म्हणजे ३२ फुटांवर येतो. आमच्या घरात तो जिन्यात ठेवावा लागेल. ३०० मीटर लांबीचे जहाज मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान होते, म्हणून जहाजाची खरी जागा ही प्रतिकृती ज्या काडीवर उभी असते त्या काडीच्या बुडाची धरायची. पंख कितीही पसरलेले असोत, टेप लावायची ती बुडाशी. एवढे एक वाक्य आधी लिहिले असते तर आमची निम्मी भांडणे टळली असती.

आता फेरी किती वेळाची? पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाइतके त्वरण धरले, तर एका फेरीत वेग एक इंचाने बदलण्यासाठी फेरी साधारण ३१९ सेकंदांची, म्हणजे सव्वापाच मिनिटांची असावी लागते. हा आकडा हाती आल्यावर पटावर पृथ्वी म्हणून ठेवलेल्या ताटाचा नियम आपोआप सुटला. ताटाच्या काठाशी गुरुत्वाची ओढ एक इंचाची. काठापासून तीन इंचांवर ती निम्म्याहून किंचित खाली येते. म्हणून तीन इंचांच्या आत फेरी सुरू करणाऱ्या जहाजाची पांढरी सोंगटी एक इंच ताटाच्या मध्याकडे ओढायची, त्यापलीकडे ओढ नाही. कमी उंचीच्या कक्षेतला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरचा वेग या मापात फेरीला अडीच इंचांच्या आसपास येतो, आणि त्या वेगाने काठालगत सोडलेले जहाज इंजिन न वापरता, वेडेवाकडे का होईना, ताटाला फेरी घालते. ते पहिल्यांदा घडले तेव्हा आम्ही लढाई विसरून तेच पाहत बसलो होतो.

गोळीबाराबद्दल फार सांगत नाही. फ्लेचर प्रॅट या अमेरिकन लेखकाच्या १९४० साली छापल्या गेलेल्या आरमारी खेळात अंतर नजरेने ताडून लिहायचे आणि मग टेपने पडताळायचे असा नियम होता. मला तो फार आवडला आणि प्रॅट मंडळींसारखाच मीही डाव जमिनीवर मांडला. आमच्या फरश्या दोन फुटी निघाल्या. सांधे मोजून कोणीही अचूक अंतर सांगू लागले. चादर अंथरली तर चुण्यांवर जहाजे कलंडू लागली. अखेर मी मुकाट्याने फाशांकडे वळलो: प्रत्येक तोफेला एक फासा, चार किंवा अधिक पडल्यास एक घाव, आणि दोन्ही बाजूंचा मारा एकाच वेळी.

खरी कसोटी लागली ती जहाजांच्या किमतीत. सुरुवातीला मी तोफा आणि कवच यांची नुसती बेरीज करत असे. दहा तोफा आणि दोन कवचांचे माझे जहाज बारा गुणांचे. भाच्याचे सहा तोफा आणि सहा कवचांचे, तेही बाराचेच. सरासरीने त्याचे तीन घाव मला पहिल्याच फेरीत बुडवत, आणि माझ्या पाच घावांनंतर त्याचे एक कवच शिल्लक राहत असे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ साली मांडलेल्या वर्गनियमाचा, म्हणजे ताफ्याचे बळ जहाजांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते या नियमाचा, धागा धरला तर बेरजेऐवजी गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे लागते: माझे जहाज साडेचारच्या आसपास, त्याचे सहा.

त्यातही फट निघाली. तोफा आणि कवच दोन्ही दुप्पट केले की किंमत दुप्पट होते, पण असे एक थोरले जहाज दोन धाकट्यांना हरवते, कारण धाकट्यांपैकी एक बुडाले की त्यांचा निम्मा मारा थांबतो आणि थोरल्याचा मात्र शेवटच्या कवचापर्यंत चालू राहतो. 'फुल थ्रस्ट'मध्ये जहाजाचे नुकसान नोंदवायच्या चौकटींची एक ओळ संपली की प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकतात आणि पहिल्या ओळीनंतर सहा पडल्यास ती बंद पडते; हा नियम केवळ नाट्यासाठी आहे असे मला इतके दिवस वाटत होते. आमच्याकडे आता निम्मे कवच गेले की निम्म्या तोफा बंद होतात, आणि हिशेब पुन्हा जुळतो.

मात्र गेल्या महिन्यात भाच्याने एक तोफ, एक कवच आणि आठ इंचांचे इंजिन असलेले जहाज आणले. आमच्या सूत्रात इंजिन कोठेच येत नसल्यामुळे त्याची किंमत एक गुण ठरली, आणि अशी बारा जहाजे पटभर हवे तिथे वळत, हवे तिथे थांबत माझ्या ताफ्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. इंजिनाला किती गुण लावावेत यावर सध्या वहीचे एकविसावे पान कोरे ठेवले आहे.