खोलीचा खर्ज

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीचा बोनस आला की काही घरांत सोनं येतं, काही घरांत स्पीकर. आमच्याकडे स्पीकर आले. छातीएवढे उंच, टॉवर म्हणतात ते. ऐकले होते शोरूममध्ये, आणि तो हॉल असा की एखादं लग्न उरकावं. आमची इंदिरानगरातली खोली दहा बाय बारा.

घरी ख्याल लावला. डग्गा वाजला की एकच सूर फुगायचा आणि मांडणीवरची ताटं थरथरायची. बायकोने आतून विचारलं, "मिक्सर कोणी लावलाय?"

शेवटी पंचवटीतल्या भजनी मंडळात तबला वाजवणाऱ्या मामांना बोलावलं. आल्या आल्या म्हणाले, "आधी ते बंद कर." चहासुद्धा घेतला नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटले आणि 'ऊं' करत एकेक सूर खाली उतरू लागले. शेजारच्या काकू दारातून डोकावून गेल्या, त्यांना वाटलं काही अनुष्ठान चाललंय. मामा उतरत उतरत एका सुरावर आले आणि खोलीच हुंकार देऊ लागली. न्हाणीघरात गाताना होतं ना, अगदी तसं. मामा वळून म्हणाले, "हा बघ तुझ्या खोलीचा खर्ज. कोणीही काहीही वाजवो, ही बया हाच सूर घोळवणार."

पुस्तकातलं गणितही तेच सांगतं. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. बारा फुटांत 47 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 47 कंपनांची, अर्धी लाट बसते, 94 ची अख्खी. हे सूर भिंतीपाशी फुगतात, कोपऱ्यात तर जास्तच. आणि मी काय केलं होतं? सोफा भिंतीला, स्पीकर कोपऱ्यात! मामांनी सोफा दोन फूट पुढे ओढायला लावला, स्पीकर कोपऱ्यातून काढले. निम्मा घुमारा गेला. उरलेला काही जाईना. चार महिन्यांनी टॉवर विकले. कितीला विकले ते हिच्यासमोर सांगत नाही.

म्हणून म्हणतो, आधी खोली मोजा, मग पैसे. पुन्हा सांगतो, आधी खोली. दहा बाय बाराला स्टँडवरचे, पाच-सहा इंची वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे, स्पीकर पुरतात. लहान म्हणून हसू नका. बीबीसीने 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून एलएस थ्री फाइव्ह ए नावाचा स्पीकर बनवला. उंची जेमतेम एक फूट, पण शौकीन आजही त्यावर लाखभर घालतात. आम्हा रेडिओवाल्यांना त्याचं जरा जास्तच कौतुक, हे कबूल.

आपला नाशिक ढोल मात्र मैदानातच ऐकावा. तो रेकॉर्ड करून दिवाणखान्यात लावणारे माझे मित्र आहेत, त्यांच्याकडे मी जेवायला जातो, ऐकायला नाही. आणि स्पीकरवर फुलदाणी ठेवणाऱ्यांविषयी आज बोलत नाही.

स्पीकर घरी आले की त्यांचा ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा घुमट, कानाच्या उंचीला आणा. मग ऐकायच्या जागी बसा आणि कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून दाढीचा आरसा सरकवायला सांगा. ट्वीटर आरशात जिथे दिसेल तिथे जाड पडदा किंवा गोधडी. आमच्याकडे तिथे आजीची गोधडी आहे. पाहुणे विचारतात, वाळत घातलीय का?